झाडलेलं घर

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली दुपार. मालाची हर्राशी, म्हणजे लिलाव, उरकली होती. नव्या मुगाची थोडीफार आवक सोडली तर धान्याचा मोंढा शांत होता आणि मी गादीवर बसून शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहीत होतो. शेजारच्या अडतीवरचं पोरगं मोबाइल नाचवत आलं. "मुनीमजी, रमी बंद! दिल्लीत कायदा पास झाला." पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २१ ऑगस्ट २०२५ ला राज्यसभेत मंजूर झालं होतं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींची सहीही झाली.

दुकानात जो तो बोलायला लागला. कोणाच्या साडूने त्यापायी शेत गहाण टाकलेलं, कोणाच्या पुतण्याने बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवलेले. सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणालो, बरं झालं. पण आत धस्स झालं. पाच वर्षं मी रोज प्रभूकडे हेच मागत होतो, की देवा, हे बंद होऊ दे. आणि खरोखर बंद झालं तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा: आता रात्री मी काय करू?

मी जालन्याचा. ख्रिस्ती घरात जन्मलेला, चौथ्या पिढीतला. पणजोबा बेथेलचे. जालन्याजवळची ही वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. ब्राह्मण घरातला हा माणूस १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो, पुढे निजामाच्या मुलखात आमच्या भागात येतो आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना सोबत घेऊन गाव उभं करतो. आजी त्या गावाबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा. ती म्हणायची, "बाप्तिस्मा घटकेचा असतो बाबा, पण माणूस आतून भिजायला जन्म जातो." लहानपणी मला त्यातलं काही कळलं नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं, तबला-पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, नाताळला करंज्या करायच्या, म्हणजे झालो ख्रिस्ती, असं मला वाटायचं. मोठेपणीही मी त्याच्या फार पुढे गेलो नव्हतो. फक्त चर्चचा खजिनदार झालो होतो. सहा वर्षं अर्पणाचे पैसे माझ्याकडे होते आणि एक रुपया इकडचा तिकडे नाही, असा लौकिक होता.

रमीची सुरुवात २०२० च्या टाळेबंदीतली. मोंढा बंद, पगार अर्धा, माणूस घरात. सुरुवातीला कंपनीच आपल्या खात्यात थोडे पैसे टाकते, खेळून बघा म्हणते. तेरा पत्ते हातात येतात, तेही कागदाचे नाहीत, काचेवरचे. पहिल्याच आठवड्यात मी तेवीसशे रुपये जिंकलो. त्यातून बायकोला कुकर घेतला आणि तिला सांगितलं की शेठने बक्षीस दिलं. कुकर अजून घरात आहे. त्याची शिट्टी झाली की मला आजही ते खोटं आठवतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही, कारण सगळ्यांचं सारखंच असतं. जिंकणं आठवड्यातून एकदा, हरणं रोज. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा दर वेळी मिळाला तर कबुतराची सवय लवकर सुटते. कधी मिळेल आणि कधी नाही हे ठरलेलं नसलं, तर ते टोचत राहतं, टोचत राहतं. मी ते कबूतर होतो. रात्री साडेदहानंतर पांघरुणाच्या आत, उजेड अगदी कमी केलेला, आवाज बंद. शेजारी बायको. तिचा श्वास लांब पडायला लागला की ती झोपली, हे मला कळायचं. मी तो श्वास मोजायचो. वीस झाले की ॲप उघडायचो. लग्नाला सोळा वर्षं झालेला माणूस बायकोचा श्वास कशासाठी मोजत होता, हे लिहिताना आजही हात जड होतो. पाच वर्षांत पासबुकाप्रमाणे १ लाख ८४ हजार रुपये गेले.

आणि या सगळ्या काळात मी प्रार्थना करत होतो, हे मला सांगायचंय. ढोंग म्हणून नव्हे. रात्री दोन वाजता हरून उठायचो, मोरीत जाऊन तोंड धुवायचो आणि ढसाढसा रडून म्हणायचो, "प्रभू, ही शेवटची." बायबलवर हात ठेवून ॲप काढून टाकायचो. असं मी सतरा वेळा केलं. मोजलंय, कारण मुनीम आहे, मोजल्याशिवाय राहवत नाही. उत्तर आफ्रिकेत इसवी सन ३५४ साली जन्मलेला ऑगस्टीन तरुणपणी प्रार्थना करायचा ती साधारण अशी होती: मला शुद्ध कर, पण इतक्यात नको. पुढे तो बिशप झाला, ख्रिस्ती मंडळीचा फार मोठा गुरू झाला. सवयीबद्दल त्याने सांगितलं ते माझ्या अंगावर उतरलेलं आहे. मन वाकडं होतं, त्यातून वासना येते, वासनेचे लाड केले की सवय लागते आणि सवयीला अडवलं नाही की तिची गरज होते. एकात एक अडकवलेल्या कड्या. माझ्या प्रत्येक "ही शेवटची"च्या मागे ते "इतक्यात नको" लपलेलं होतं. रडणं खरं होतं, आणि तेही खरं होतं.

तर कायदा आला आणि दाराला बाहेरून कुलूप लागलं. मी कायद्याच्या विरुद्ध नाही. तो हवाच होता, त्याने कितीतरी घरं वाचली असतील. पण पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं ते मला त्या महिन्यात कळलं. नियमशास्त्र पवित्र आहे, ते पाप दाखवून देतं, पण पाप काढायची ताकद त्याच्यात नाही. जे करायचं ते मी करत नाही आणि ज्याचा मला तिटकारा आहे तेच करतो, असं तो स्वतःबद्दल लिहितो. इतक्या मोठ्या प्रेषिताने हे असं कागदावर लिहून ठेवावं! आम्ही मात्र देवळात साक्ष देताना सगळं "मागे होतो, आता नाही" असंच सांगतो.

येशूने सांगितलेला एक छोटा दाखला आहे, लूकच्या अकराव्या अध्यायात. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, रखरखीत जागी विसावा शोधत फिरतो, मिळत नाही, म्हणतो, आपल्या घरीच परत जाऊ. येऊन बघतो तर घर झाडलेलं, नीट लावलेलं. मग तो आपल्यापेक्षा वाईट असे सात सोबती घेऊन येतो आणि तिथे बिऱ्हाड करतो. मी हा दाखला लहानपणापासून ऐकत आलो, पण घर झाडलेलं असण्यात काय चुकलं, हे मला कधी उमगलं नव्हतं. चूक झाडण्यात नाही. घर रिकामं होतं, यात आहे. मी सतरा वेळा झाडलं. अठराव्यांदा सरकारने झाडून दिलं. आत राहायला मात्र कोणी नव्हतं.

दहा दिवसांत मी मटक्यावर गेलो. स्टेशनकडच्या एका टपरीच्या मागे आकडा लावतात. आधी दहा रुपये, मग पन्नास, मग पाचशे. रमीत निदान पत्ते लावायला डोकं चालवावं लागायचं, इथे तेही नाही. चिठ्ठी घ्यायची आणि ओपन फुटायची वाट बघायची.

सप्टेंबरात पाऊस लागला. मराठवाड्याने तो पाऊस कधी विसरू नये. आम्ही दुष्काळाची माणसं, पाण्याच्या टँकरचे नंबर पाठ असलेली, आणि त्या वर्षी नद्या शेतातून वाहिल्या. उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, कपाशीची बोंडं काळी पडली, कुठे मातीसकट रान खरवडून गेलं. आमच्या मंडळीने चार रविवार वेगळं अर्पण गोळा केलं. लोकांनी जमेल तसं दिलं. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने शंभराची नोट चौघडी करून थैलीत टाकली, मी बघत होतो. एकूण २६ हजार ४०० रुपये जमले आणि ते माझ्या कपाटात आले.

त्यातले सहा हजार मी उचलले. एकदम नाही, दोन-दोन हजार करून तीनदा. आकडा लागला की परत ठेवू, असं म्हणून.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. भिजलेलं सोयाबीन मोंढ्यात येऊ लागलं होतं. डागी माल, काळपट, हाताला दमट लागणारा, नाकाशी धरला तर कुबट. अंबडकडचा एक म्हातारा शेतकरी चार कट्टे घेऊन आला. एरवी तेवढ्याच रानात त्याला तीस व्हायचे. हमालाने कट्टा चाळण्यावर ओतला. चाळणा हलायला लागला, त्याचा तो खर्रर आवाज, धुळीचा लोट, खाली माती, काड्या, फुटके दाणे, वर उरलेलं सोयाबीन. चाळून झालं आणि म्हातारा खाली बसला. मातेऱ्यात हात घालून एकेक शाबूत दाणा वेचायला लागला. बोटं वाकडी, नखात माती. दाणा सापडला की फुंकर मारायचा आणि धोतराच्या ओच्यात टाकायचा. हमाल म्हणाला, "राहू द्या बाबा, मूठभर निघन." तो मान वर न करता म्हणाला, "मूठभर तर मूठभर. माझंच हाये ना."

माझ्या शर्टाच्या खिशात त्या वेळी पूरग्रस्तांच्या अर्पणातले दोन हजार रुपये होते. पाच वाजता टपरीवर जाणार होतो.

माझी पट्टी तशीच राहिली. त्या चाळण्याच्या आवाजात मला शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू आपला शिष्य शिमोन पेत्र याला बोलला ते आठवलं. शिमोना, तुम्हांला गव्हासारखं चाळायला सैतानाने मागून घेतलंय. पण तुझा विश्वास खचू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. तू मागे फिरलास की आपल्या भावांना सावर. पेत्र आपल्याला नाकारणार हे येशूला ठाऊक होतं, त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत. तरी तो "जर फिरलास तर" असं म्हणत नाही. "फिरलास की" म्हणतो. म्हातारा दाणे वेचत होता. मातेऱ्यातून दाणा वेचणारा हात कसा असतो, ते मी चार फुटांवरून बघत होतो.

टपरीकडे गेलो नाही. घरीही गेलो नाही. सरळ गुरुजींकडे गेलो.

गुरुजी आमच्या मंडळीतले वडीलधारे, निवृत्त शिक्षक. पत्नी वारल्यापासून एकटे असतात. ओसरीत कंदिलासारखा मिणमिणता बल्ब. ते मेथी निवडत बसले होते. "सलाम गुरुजी," म्हणालो. "सलाम. ये. काय करू राहिला रं या वक्ताला?" मी खिशातून ते दोन हजार काढले आणि मेथीच्या ताटाशेजारी ठेवले. म्हणालो, "हे माझे नाहीत." आणि मग सगळं सांगितलं. रमी, कुकर, श्वास मोजणं, मटका, कपाट. सांगायला पाऊण तास लागला असेल. गुरुजी मेथी निवडत राहिले. थांबले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर लक्षात आलं, ते मुद्दाम बघत नव्हते. बघितलं असतं तर मी अर्ध्यात थांबलो असतो.

शेवटी ते म्हणाले, "मी अकरा वर्षं प्यायलो. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा म्हणून सकाळी घेऊन जायचो. तुला माहीत नव्हतं ना? जुन्या लोकांना माहीत आहे."

मला खरंच माहीत नव्हतं. ते औरंगाबादला ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, सभांना जायचे. त्या रात्री त्यांनी मला त्या चळवळीच्या सुरुवातीची हकीकत सांगितली. १९३५ चा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यू यॉर्कचा माणूस, नुकतीच दारू सोडलेला, धंद्याच्या कामाने अमेरिकेतल्या अक्रन गावी गेला होता. काम फिसकटलं, खिशात पैसे नाहीत, गाव परकं. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा आहे. एका टोकाला बार, आतून माणसांच्या हसण्याचा आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला. पाळकांना फोन करून विचारलं, इथे कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी पडली. १० जून १९३५ ला डॉक्टर बॉबने शेवटचा पेला घेतला. तोच ए.ए.चा स्थापनादिवस धरतात. गुरुजी म्हणाले, "तो बारशी झगडत बसला नाही. त्याने तोंड फिरवलं आणि माणूस शोधला. पौल करिंथकरांना काय लिहितो? देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील. आपण त्या उपायाची वाट आभाळाकडे बघून पाहतो. तो उपाय बहुतेक वेळा दोन पायांवर चालत येतो."

मग त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मोठं काही नाही. कपाटाची किल्ली आत्ता माझ्याकडे दे. आज रात्री बायकोला सांग, उद्या नाही. रविवारी कमिटीपुढे वही ठेव, मी शेजारी बसतो. आणि डॉक्टरला दाखव. शेवटचं ऐकून मी चमकलो. म्हणालो, "गुरुजी, हे पाप आहे, आजार थोडाच आहे?" ते म्हणाले, "लुळ्याला येशू आधी म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. मग म्हणाला, ऊठ, बाज उचल. दोन्ही म्हणाला ना? तू कोण एक निवडणारा?" जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, हे मला पुढे कळलं. त्यांनी त्यांच्यासमोरच मला १४४१६ ला फोन लावायला लावला. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला एकदाही "असं का केलंत" विचारलं नाही. कधी ओढ लागते, किती वाजता, कुठे बसलेले असता, एवढंच विचारलं. मोंढ्यात आपण मालाची ओल मोजतो तसं.

घरी आलो. बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सांगून झाल्यावर तिने तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या. मी शेजारी निजलेली होते आणि तुम्ही एकटे होतात. पाच वर्षं. हे मला लागलं."

मी त्या वाक्यापाशी अजून थांबलेलो आहे. ते कळलं तेव्हा प्रभूची प्रार्थनाही मला नव्याने कळली. लहानपणापासून दिवसातून दोनदा म्हणतो ती. "आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव." आम्हांला. सबंध प्रार्थनेत "मी" हा शब्द एकदाही येत नाही. भाकरी आमची, अपराध आमचे, परीक्षाही आमची. येशूने शिष्यांना मोहाविरुद्धची विनवणी अनेकवचनात शिकवली आणि मी ती पाच वर्षं मोरीत उभा राहून, दाराला कडी लावून, एकवचनात करत होतो. माझ्या पापाचं सगळं बळ त्या कडीत होतं. ते मला रोज पटवायचं की हे तुझं आणि देवाचं बघून घ्या, तिसऱ्याला कशाला? आणि हे इतकं धार्मिक वाटायचं! याकोब मात्र आपल्या पत्रात स्वच्छ लिहितो की आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल. क्षमा देणारा देवच. पण निरोगी होणं त्याने एकमेकांच्या हवाली केलंय.

रविवारी कमिटीपुढे बसलो. ते वर्णन करत नाही. काही जण कडक बोलले आणि त्यांचं चुकलं नाही. खजिनदारी गेली, उरलेले चार हजार चार हप्त्यांत भरायचं ठरलं. पैसे ज्या कुटुंबांना जायचे होते त्यांना मंडळीने तेव्हाच पदरमोड करून पोचते केले.

तेव्हापासून रात्री साडेनऊला गुरुजींचा फोन येतो. एकच प्रश्न. "जेवलास का?" जेवलो म्हटलं की दिवस नीट गेला. नाही जेवलो म्हटलं की त्यांना कळतं, आणि ते चप्पल घालून निघतात. आमच्या घरापर्यंत यायला त्यांना वीस मिनिटं लागतात, गुडघे दुखतात म्हणून. फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री, मी "नाही जेवलो" म्हणालो. त्या दुपारी टपरीवर शंभराचा आकडा लावला होता. का, ते सांगता येत नाही. काही वाईट घडलं नव्हतं, उलट मालाला भाव बरा मिळाला म्हणून शेठ खूश होते. गुरुजी आले. उपदेश नाही, काही नाही. बायकोने चहा ठेवला. आम्ही तिघं बसलो. मग बायकोच म्हणाली, "आपण प्रार्थना करू," आणि तिने माझं नाव न घेता म्हटलं, "प्रभू, आम्ही आज घसरलो." आम्ही. तिने काय केलं होतं त्यात? मी मान खाली घातली ती बराच वेळ वर आली नाही.

लोक विचारतात, आता ओढ लागत नाही का? लागते. संध्याकाळी पाचला लागते, मटक्याच्या वेळेला. मी तिच्याशी वाद घालत नाही, एवढं शिकलोय. हव्वेने सापाशी चर्चा केली आणि फसली. पोटीफराच्या बायकोने अंगरखा धरला तेव्हा योसेफाने चर्चा केली नाही, तो तिच्या हातात सोडून पळाला. येशूने रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाला तीन वेळा उत्तर दिलं, तिन्ही वेळा शास्त्रातलं एखादं वचन, पुढे एक शब्द नाही. मी पाचला हमालांच्या घोळक्यात जाऊन बसतो. त्यातला एक माळकरी आहे, आळंदीहून माळ घालून आल्यापासून दारू सुटलेला. मी एकदा त्याला विचारलं, मामा, जमतं कसं? तो म्हणाला, "गळ्यातली माळ काढून जावं लागन ना. ती काढताना घरचे दिसतात, दिंडी दिसती." तुकोबांनी ज्याला रात्रंदिन युद्धाचा प्रसंग म्हटलं, ते युद्ध हा माणूस दिंडीतून लढतो. टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मला त्या दिवशी त्या पुलावर उभं असल्यासारखं वाटलं, दोन्हीकडची माणसं दिसत होती.

आमच्या मराठी बायबलात मोहाला बऱ्याच ठिकाणी "परीक्षा" म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. मला आधी हा शब्द खटकायचा. परीक्षा म्हटलं की पास-नापास आलं, आणि मी तर कायमचा नापास. आता वाटतं, या परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहायला परवानगी आहे. नव्हे, तसंच लिहायला सांगितलंय.

ईस्टर या वर्षी ५ एप्रिलला होता. शेवटचा हप्ता मी त्याच्या आधी भरला. त्यानंतरच्या एका रविवारी भजन चालू असताना गुरुजी माझ्या बाकापाशी आले आणि अर्पणाची थैली माझ्या हातात दिली. लाल मखमलीची, काठाला झिजलेली, लाकडी मुठीची. सहा वर्षं तिच्यातले पैसे मी मोजले होते. ती फिरवायचं काम मात्र कधी केलं नव्हतं, खजिनदार टेबलाशी बसतो. गुरुजी हळूच म्हणाले, "फक्त फिरव. मोजायला तुला अजून वर्षभर नाही." मी मान हलवली. त्या "नाही"ने मला किती बरं वाटलं, हे ज्याच्यावर कोणी काळजीपूर्वक भरवसा टाकलाय त्यालाच कळेल.

पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. नाण्यांचा आवाज, दुमडलेल्या दहाच्या नोटा, एका लहान मुलीने दोन्ही हातांनी धरून टाकलेला पाच रुपयांचा ठोकळा. थैली जड होत गेली. शंभराची चौघडी करणारी ती बाई तिसऱ्या रांगेत होती. तिने नोट टाकली, माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून पुढच्याकडे थैली पोचायला वाट करून दिली. बायकांच्या बाजूला गेलो तेव्हा बायकोने पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले. आत टाकताना तिचा हात मुठीवरच्या माझ्या हाताला लागला आणि तिने तो लगेच काढला नाही.

मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलो. थैली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दोघांनी मोजायला घेतली, आणि मी माझ्या बाकावर येऊन बसलो.